नारपोलीचे ट्रामवाले

नारपोलीत ट्राम कधी धावली नाही. धावणार कुठून? तिथल्या गल्लीत दोन टेम्पो समोरासमोर आले की मागे कोणी घ्यायचं यावर एवढी चर्चा होते, की तेवढ्यात मागच्या रिक्षावाल्याचा चहा पिऊन होतो. तरीही नाक्यावर उभं राहून केसरीनाथ भोईरांचं घर विचारलं, तर पानवाला आधी तुम्हालाच विचारतो, "कौन, ट्रामवाले?"

केसरीनाथांनी या नावाबद्दल कधी तक्रार केली नाही. वय एकाहत्तर, अंगात पांढरा शर्ट, खिशात भिंग. एके काळी त्यांचे स्वतःचे बारा लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, होते. ते विकल्यावर शेड एका कंपनीला गोडाऊनसाठी दिली. जिथे रात्रंदिवस धोटे धडधडायचे, तिथे आता खोकी एकमेकांच्या डोक्यावर गप्प बसून असतात. केसरीनाथांना मात्र गप्प बसणं कधी जमलं नाही. लूम चालू होते तेव्हा आवाजामुळे ओरडून बोलायची सवय लागली होती. लूम गेले, ओरडणं राहिलं, आणि ओरडायला विषय मिळाला तो मुंबईच्या ट्रामचा.

सुरुवात पंचवीसेक वर्षांपूर्वी झाली. लूमचं एक दातेरी चाक शोधायला ते शमशूभाईच्या भंगाराच्या दुकानात गेले होते. चाक मिळालं नाही, पण मुंबईहून आलेल्या रद्दीत पुठ्ठ्यावर चिकटवलेला एक जुना फोटो मिळाला. लालबागचा रस्ता, मधोमध ट्राम, आणि पायरीवर लोंबकळलेली माणसं. केसरीनाथ तो फोटो हातात धरून एवढा वेळ उभे राहिले, की शमशूभाईलाच दया आली. "ले जाओ केसरीभाई," तो म्हणाला, "पुठ्ठा अच्छा है."

त्या एका पुठ्ठ्याचे पुढे दोनशे चौदा फोटो झाले. मुंबईच्या जुन्या बाजारातून, रद्दीवाल्यांकडून, कुणाच्या बंद पडलेल्या स्टुडिओतून. वरच्या मजल्यावरची खोली मुलाला, म्हणजे देवेशला, लग्नानंतर मिळायची होती. ती ट्रामला मिळाली आणि देवेश-रुचिका खालच्या खोलीत राहिले. खोलीत शिरल्यावर डावीकडे घोड्यांच्या ट्राम, अठराशे चौऱ्याहत्तरपासूनच्या. समोर विजेच्या, एकोणीसशे सातनंतरच्या. आणि खिडकीच्या बाजूला दोन मजली. उन्हाळ्यात घोड्यांना टोप्या घालत, हे सांगताना केसरीनाथ स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून दाखवत. दादर टी.टी. मधला टी.टी. म्हणजे ट्राम टर्मिनस, हे तर त्यांनी नारपोलीत एवढ्या लोकांना सांगितलं होतं, की काही लोक त्यांना बघून लांबूनच "ट्राम टर्मिनस!" असं ओरडत आणि सुटका करून घेत.

हळदीचा कार्यक्रम असो, साखरपुडा असो, डीजे कानाचे पडदे फाडत असताना केसरीनाथ एखाद्या पाहुण्याला कोपऱ्यात गाठत आणि कानाशी लागून डबल डेकर ट्राम कोणत्या साली आली ते सांगत. पाहुणा मान डोलवायचा. त्याला वाटायचं, जेवायला बोलावतायत.

एकदा त्यांनी मोठ्या हौसेने एक फोटो आणला आणि गिरगावचा म्हणून भिंतीवर लावला. महिनाभराने कुणीतरी भिंगातून पाहून दुकानाची पाटी बंगालीत असल्याचं दाखवलं. केसरीनाथांनी भिंग घेऊन पाटी पुन्हा पाहिली. मग म्हणाले, "गिरगावात बंगाली मिठाईवाले होते की." फोटो अजून तिथेच आहे.

त्यांच्या बायकोचं, गोदूबाईचं, या सगळ्यावर एकच म्हणणं होतं. आल्यागेल्याला चहा देताना ती ते सांगायची. "घरात पोरांचं फोटो हायेत सात, न् ट्रामचं दोनशे चौदा. आता तुमीच सांगा, संसार कोनाचा झाला."

आता एक गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं. केसरीनाथ ट्राममध्ये कधी बसलेले नव्हते. हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. ते खोटं बोलत होते असं नाही. खोटं बोलणारा माणूसच नव्हे तो. ते एवढंच म्हणत, "शेवटची ट्राम धावली एकतीस मार्च चौसष्टला. तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो." एवढं बोलून ते थांबत आणि खिडकीतून लांब कुठेतरी बघत. पुढचं ऐकणारा मनात पुरं करून घेई. असा पंचवीस वर्षांत सगळ्या नारपोलीने त्यांना शेवटच्या ट्रामच्या पहिल्या बाकावर नेऊन बसवलं होतं, आणि केसरीनाथांनी तिथून उतरायची घाई केली नव्हती.

यंदाच्या मार्चमध्ये रुचिकाच्या डोक्यात कल्पना आली. ती शाळेत शिकवते. एकतीस तारखेला शाळेच्या हॉलमध्ये बाबांच्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं, मुलांना माहिती द्यायची. केसरीनाथांनी आधी "छे छे" म्हटलं आणि त्याच संध्याकाळी नवीन शर्ट शिवायला टाकला. साठ फोटो निवडले. निवडायला आठ दिवस लागले, कारण उरलेल्या दीडशे फोटोंना वाईट वाटेल असं त्यांना वाटत होतं.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी गोदूबाई सहज म्हणून आली. गुडघे दुखत होते, पण सुनेने आग्रह केला म्हणून नऊवारी नेसून आली आणि मागच्या रांगेत पंख्याखाली बसली. पुढे दीडशे मुलं. केसरीनाथांनी हातात पट्टी घेतली आणि घोड्यांपासून सुरुवात केली. टोपी आली, विजेचा खांब आला, ड्रायव्हर पायाने घंटा कशी वाजवायचा ते आलं; त्या वेळी त्यांनी पाय आपटून दाखवला आणि पहिल्या रांगेतली दोन मुलं दचकली. मग चौसष्ट साल आलं. "तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो," केसरीनाथ म्हणाले आणि सवयीने खिडकीकडे बघू लागले.

हॉलला त्या बाजूला खिडकीच नव्हती. ते भिंतीकडे बघत राहिले.

तेवढ्यात सातवीतल्या पूर्वाने हात वर केला. सरळ प्रश्न विचारणारी मुलगी. "आजोबा, मग तुम्हाला आत बसल्यावर कसं वाटायचं?"

केसरीनाथ खोकले. पट्टी एका हातातून दुसऱ्या हातात गेली. "आत म्हणजे," ते म्हणाले, "आत लाकडी बाकं असत."

"ते फोटोत दिसतंय," पूर्वा म्हणाली. "तुम्ही बसलात तेव्हा कसं वाटलं?"

दीडशे मुलं त्यांच्याकडे बघत होती. रुचिका बघत होती. आयुष्यात पहिल्यांदा केसरीनाथांना ट्रामविषयी बोलायला काही सुचेना. ते हळू आवाजात म्हणाले, "मी... तसा बसलो नाही कधी."

हॉलमध्ये कुजबुज झाली. आणि त्या कुजबुजीत मागून, पंख्याखालून, आवाज आला.

"मी बसलेय ना."

सगळ्या माना मागे वळल्या. केसरीनाथांची सगळ्यात शेवटी, कारण त्यांना आवाज ओळखू आला होता आणि तरी खात्री होत नव्हती.

"आजी, तुम्ही?" पूर्वा म्हणाली.

"मंग! पाच वर्सांची व्हते. नाकात चिंचोका गेलता माझ्या. गेलता म्हंजे मीच घातलेला." मुलं हसायला लागली, तशी गोदूबाईला हुरूप आला. "आमच्या काल्हेरला एक म्हातारी व्हती, तिनं तपकीर दिली. शिंका आल्या शंभर, चिंचोका काय येईना. मंग बाबा मना परळच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. डाक्टरनं चिमटा घातला न् काढला. बाबा येवढा खूश झाला, येवढा खूश झाला, म्हनाला, चल गोदू, तुला ट्राममंदी बसवतो. परळवरना दादर."

"आणि चिंचोका?" कुणीतरी ओरडलं.

"मुठीत व्हता की! दादरला उतरेपरेंत सोडला न्हाय."

त्यानंतर घोड्यांच्या टोप्यांकडे कुणी पाहिलं नाही. मुलं खुर्च्या फिरवून गोदूबाईभोवती बसली. साठ फोटो भिंतीवर एकटे राहिले आणि त्यांच्या शेजारी, पट्टी हातात धरून, केसरीनाथ.

 घरी आल्यावर केसरीनाथांनी नवा शर्ट खुंटीला लावला आणि मग विचारलं, "आपल्या लग्नाला किती वर्षं झाली?"

"सत्तेचाळीस."

"सत्तेचाळीस वर्षांत तू हे एकदाही बोलली नाहीस?"

गोदूबाई चुलीपाशी नव्हती, गॅसपाशी होती, पण वळली तशीच, कमरेवर हात ठेवून. "तुमी बोलायचं कवा थांबलंव? एक वाक्य घुसवायला जागा ठेवली काय?"

मग केसरीनाथ रुसले. त्यांचं रुसणंही शिस्तीचं. जेवायला खाली येत, पानातलं सगळं संपवत, वाटी पुढे करून दुसऱ्यांदा कालवण घेत, आणि वर निघून जात. खोलीत बसून भिंतीकडे बघत. इतकी वर्षं त्यांना वाटे, ही सगळी माणसं ट्रामच्या खिडकीतून आपल्याकडे बघतायत. आता वाटू लागलं, ही सगळी बसलीत, माझी बायकोसुद्धा बसली, मीच तेवढा खाली राहिलो.

खाली गोदूबाई सुनेला सांगत होती, "रुसू दे. दोन दिस घरात शांतता हाय. तू झोपून घे जरा."

तिसऱ्या दिवशी दुपारी ती अंगणात सावलीला बसून सुक्या जवळ्यातल्या काड्या निवडत होती. केसरीनाथ वही आणि पेन घेऊन खाली आले. समोर खुर्ची ओढली. चष्मा लावला. सरकारी पाहणीला आलेल्या माणसाच्या आवाजात म्हणाले, "ट्रामचा नंबर काय होता?"

"पाच वर्सांच्या पोरीला वाचता येतं काय?"

"बरं. एक मजली का दोन मजली?"

"एक मजली."

"साल?"

"चिंचोक्याचं साल," गोदूबाई म्हणाली आणि जवळ्यातली काडी बाजूला टाकली.

केसरीनाथांनी वही मिटली. पुन्हा उघडली. पेनाचं टोपण लावलं, काढलं. मग वहीकडेच बघत म्हणाले, "मला मामा नेणार होता."

गोदूबाईला त्यांचा धर्मामामा ठाऊक होता. लालबागच्या गिरणीत होता, वारून वर्षं झाली. पण ही गोष्ट ठाऊक नव्हती.

"दिवाळीला आलेला तेव्हा म्हणाला, यंदा मे महिन्यात ये, तुला बोरीबंदरपासून दादरपर्यंत ट्रामने फिरवतो. मी सगळ्या शाळेला सांगितलं. मार्चमध्ये ट्राम बंद झाली. मला कुणी सांगितलंच नाही. पोराला काय सांगायचं त्यात? मे महिन्यात गेलो, नवी चड्डी घालून. लालबागला रस्त्यात रूळ होते. मी रुळाशी जाऊन उभा राहिलो. मामा म्हणाला, अरे बंद झाली ती. मला वाटलं चेष्टा करतोय. तासभर उभा होतो. मग म्हटलं, बरं, निदान रुळावरून चालू. लालबागपासून परळपर्यंत चाललो, एक पाय खोबणीत ठेवून. मामा मागून छत्री धरून येत होता." त्यांनी पेनाचं टोपण पुन्हा लावलं. "शाळेत आल्यावर पोरांनी विचारलं, काय रे, बसलास? मी काही बोललोच नाही. त्यांना वाटलं, बसला."

गोदूबाईचे हात जवळ्यात तसेच राहिले होते. एरवी अशा वेळी तिच्या तोंडून काहीतरी टोचणारं निघायचंच. आता तिला वाटलं, या बाप्याला आपण सत्तेचाळीस वर्षं जेवायला वाढलं आणि त्याच्या आत हे नऊ वर्षांचं पोर रुळापाशी उभं आहे याचा पत्ता नव्हता.

"येवढं पोटात ठेवून बसलंव," ती शेवटी म्हणाली, "मना सांगितलं का न्हाय?"

"तू विचारलंस कुठे?" केसरीनाथ म्हणाले.

ती हसली. मग सूप बाजूला सरकवलं, पदराला हात पुसले. "लिवा. सगलं सांगते."

आणि तिने सांगितलं. बाकाच्या पट्ट्या मांडीला चिमटे घ्यायच्या. दोन्ही बाजूंनी वारा यायचा, तिची रिबीन उडाली आणि बाबाने ती हवेतच पकडली. शेजारच्या बाईच्या मांडीवर कोंबडी होती आणि कोंबडीचं तिकीट काढायचं की नाही यावर कंडक्टर आणि ती बाई दादर येईपर्यंत भांडत होते. दादरला सगळे उतरल्यावर कंडक्टरने बाकांच्या पाठी खाड खाड उलट्या केल्या, पुढचं मागे, मागचं पुढे. "न् डायवरनं काय केलं ठाव हाय? हँडल काढलं, लाटन्यावानी काखेत मारलं, न् चालला दुसऱ्या टोकाला. मना वाटलं, गाडी मोडली न् हा घरी चालला. मी येवढी रडले! बाबाला सांगत व्हते, माझ्यामुलं मोडली, माझ्यामुलं मोडली."

ड्रायव्हर हँडल काढून दुसऱ्या टोकाला नेतो, हे केसरीनाथांनी वाचलेलं होतं. काखेत मारून नेतो, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते हसले, आणि तीन दिवसांचं साचलेलं असल्यामुळे ते हसणं इतकं मोठं निघालं, की शेजारच्या शेडमधला माणूस बाहेर येऊन बघून गेला.

संध्याकाळी गोदूबाई जिना चढून वर आली. एका एका पायरीवर थांबत, कठड्याला धरून. किती वर्षांनी आली ते दोघांनाही आठवेना. केसरीनाथांनी दिवा लावला, तिच्यासाठी स्टूल पुसलं आणि हातात भिंग दिलं. त्यांना वाटलं, ती ट्राम बघेल. ती बघू लागली माणसं.

"हा बगा, धावत येतोय. याच्या एकाच पायात चप्पल हाय."

केसरीनाथ वाकले. अठरा वर्षं तो फोटो भिंतीवर होता. चाकांची संख्या त्यांना तोंडपाठ होती. चप्पल कधी दिसली नव्हती.

"न् ही बाई बगा. फोटोवाल्याकडं बगून तिनं पदर सारखा केलाय. हात हललाय तिचा." पुढच्या फोटोत तिला एक जांभई देणारा पोलीस सापडला, त्याच्या पुढच्यात ट्रामच्या छताखाली झोपलेला म्हातारा. बंगाली पाटीच्या फोटोपाशी आल्यावर ती म्हणाली, "इथं सगल्यांचं धोतर येगलंच हाय," आणि केसरीनाथांनी पटकन पुढचा फोटो दाखवला.

त्या आठवड्यात फोटोंखालच्या चिठ्ठ्या बदलल्या. पूर्वी तिथे नुसतं साल आणि मार्ग असायचा. आता त्याखाली केसरीनाथांच्या वळणदार अक्षरात दुसरी ओळ आली: एका पायात चप्पल नाही. पोलीस जांभई देत आहे. बाईचा हात हलला आहे. एकदोन ठिकाणी त्यांनी स्वतःहून काही शोधायचा प्रयत्न केला. एका चिठ्ठीवर लिहिलं, "मागे कुत्रा." गोदूबाईने भिंगातून पाहून ते पिशवी असल्याचं ठरवलं आणि खोडायला लावलं.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या आणि अंबाडीच्या शाळेतून रुचिकाला फोन आला. प्रदर्शन आमच्याकडेही भरवाल का? आणि त्या चिंचोकावाल्या आजी येतील ना? फोटोवाल्या आजोबांचं काय, असं रुचिकाने विचारल्यावर पलीकडच्या बाई म्हणाल्या, "हो हो, त्यांनाही आणा की."

देवेशने दोघांना गाडीने अंबाडीला सोडलं. तिथे गोदूबाई खुर्चीवर बसून बोलली आणि केसरीनाथ शेजारी उभे राहून, ती म्हणेल तो फोटो वर धरत होते. काम सोपं नव्हतं. ती घोड्यावरून एकदम कोंबडीवर जायची. कोंबड्या आता दोन झाल्या होत्या. नारपोलीच्या शाळेत तपकिरीने शंभर शिंका आल्या होत्या, त्या अंबाडीला तीनशेवर गेल्या. मुलं लोळत होती. मग गोदूबाई म्हणाली, "न् मंग बाबा मना जिन्यानं वरच्या मजल्यावर घेऊन गेला."

केसरीनाथांनी हातातला फोटो खाली घेतला. वहीत स्पष्ट लिहिलं होतं: एक मजली. त्यांनी तोंड उघडलं. समोर पहिल्या रांगेत एक लहानगी मान उंच करून, जणू तिलाही वरच्या मजल्यावरून परळ दिसत होतं अशी, बसली होती. केसरीनाथांनी तोंड मिटलं आणि पेटीतून दोन मजली ट्रामचा फोटो काढून वर धरला.

परतताना ते अंबाडीच्या नाक्यावर चहाला थांबले. देवेश गाडीपाशी फोनवर बोलत होता. केसरीनाथांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि शक्य तितक्या सौम्यपणे म्हणाले, "एक मजली होती ना गं?"

"व्हय," गोदूबाई म्हणाली. "पन तुमच्याकडं येवढं चांगलं दोन मजली फोटो हायेत, ते कवा दाखवायचं मंग?"

केसरीनाथांनी विचार केला. इतिहासाच्या दृष्टीने हे साफ चूक होतं. दुसऱ्या कुठल्याही दृष्टीने चूक सापडत नव्हती. त्यांनी चहा प्यायला.

"वाडा गावच्या शाळेतल्या बाई भेटल्या मगाशी," ती पुढे म्हणाली. "फुडल्या शनिवारी बोलावलंय. मी हा म्हनून टाकलं."

"मला न विचारता?"

"तुमी येनारच व्हते ना? न् त्या फोटोंना प्लास्टिकचं कायतरी लावून आना. पोरांचे हात तेलकट असतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता केसरीनाथ भोईर नारपोलीच्या नाक्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात उभे होते. काखेत साठ फोटोंचं गाठोडं होतं. एकेक फोटो लॅमिनेशनच्या यंत्रात जाताना ते दुकानदाराला सांगत होते, "हळू घ्या. ह्यात धावणाऱ्या माणसाची चप्पल आहे. म्हणजे, एकच आहे."